एकापुरती रजई

नारीनकडच्या त्या गावात लग्न ठरलं की आधी झीपाराच्या दाराशी लोकरीचं पोतं येऊन पडायचं. बाई चाळिशीची, तोंडाची फटकळ, पण तिच्या रजईत लोकरीची एक गाठ म्हणून हाताला लागायची नाही. लग्नाची रजई ती दोघांच्या रुंदीची शिवायची आणि वर चार बोटं जास्तच धरायची.

मग तिच्या बापाचंच लग्न ठरलं. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. सहासष्ट वर्षांचा, खोकून बेजार झालेला तुर्दाकुन आणि वरच्या आळीतली विधवा बुरुलचा! झीपाराच्या अंगाचा तिळपापड झाला.

बिश्केकहून धाकट्या भावाचा, एर्मेकचा फोन आला. "एजे, तू थोरली म्हणून विचारतो, आपण तिघं भावंडं मिळून वॉशिंग मशीन देऊ या?"

"दे की! आईची आठवण धुऊन काढायला बरं पडेल."

"असं काय बोलतेस गं? आपली मधली नाझिरा म्हणते, दोघांना आठ दिवस इसिक-कुलच्या तळ्यावर पाठवू."

"या वयात पोहायला? तुम्ही गप बसा. रजई लेकीने द्यायची असते, ती मी शिवते."

बापाच्या कोठीत आईने स्वतः धुऊन ठेवलेली लोकर होती. दोघांच्या रजईला पुरून उरेल एवढी. झीपाराने त्यातली निम्मी घेतली आणि उरलेलं पोतं तिथेच पिठाच्या पिंपामागे सारलं. रजई शिवली ती एकाच माणसाच्या रुंदीची. अंथरुणातली आईची जागा तिला कुणाला द्यायची नव्हती.

मुल्लाने दुवा म्हटल्यावर बुरुलचाने सगळ्यांसमोर रजई उलगडली. बायकांच्या नजरेला माप लगेच कळलं. एक म्हातारी म्हणालीच, "अगं झीपारा, उरलेली अर्धी कुठं राहिली?"

"लोकर संपली."

तुर्दाकुनने मान खाली घातली. बुरुलचाने रजईवरून हात फिरवला. "ऊबदार आहे हो," एवढंच म्हणाली आणि घडी घालून ठेवली.

हिवाळ्यात तुर्दाकुनने अंथरूण धरलं. एका सकाळी झीपारा मटणाचा रस्सा घेऊन गेली. बाप गळ्यापर्यंत रजईत गुरफटलेला होता. शेजारी पातळ सतरंजी, तिच्यावर बायकी कोट.

"तुम्ही कोट पांघरून झोपता?"

"रजई दोघांत ओढली की त्यांची पाठ उघडी पडते," बुरुलचा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच झीपाराला सोसेना. ती कोठीत गेली, पोतं ओढून काढलं आणि घरी आणलं. दोन दिवस काठीने लोकर झोडपून मोकळी केली. तिसऱ्या दिवशी कापड बेतायला बसली, तोच बाप गेल्याचा निरोप आला. त्याची ती अरुंद रजई रीतीप्रमाणे मयताला अंघोळ घालणाऱ्यांना गेली.

चाळिसावा झाल्यावर बुरुलचा आपल्या जुन्या घरी परत निघाली. झीपाराने पोतं तिच्या पायाशी ठेवलं.

"आपा," ती म्हणाली. आईला मारायची ही हाक आई गेल्यापासून तिने कुणालाच मारली नव्हती. "ही आईची लोकर. तेव्हा संपली नव्हती."

"ठाऊक आहे. रोज पीठ काढताना पोतं दिसायचं."

"मग घेतली का नाहीत?"

"तुझ्या आईची होती. तू दिली असतीस तर घेतली असती."

झीपाराला रडू आवरेना. "आता देते ना. छान मोठी शिवते, दोघांची असते तशी."

बुरुलचाने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"दोघांची कशाला गं? आता एकापुरतीच शिव."