जारवरचा पंप

बाबा ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात एकटे राहत आणि माझं चष्म्याचं दुकान नई सडकेवर. नळाचं पाणी खारट, म्हणून प्यायला वीस लिटरचा जार यायचा. तो उचलून माठात ओतणं बाबांच्या कंबरेला झेपत नसे. मग मला फोन: "जार आलाय. तू हवास." 'पाहिजे' हा शब्द ते वापरतच नसत. चहा हवा, पेपर हवा, मुलगा हवा.

मी धावतपळत जायचो आणि जार रिकामा होतो न होतो तोच म्हणायचो, "बाबा, मला उशीर होऊन राहिलाय."

"होऊन राहिलाय काय? होतोय म्हण. बस, चहा टाकतो."

मग चहा संपेपर्यंत माझं ग्वाल्हेरी मराठी धुऊन वाळत घालायचा कार्यक्रम. मी मनातून चिडायचो. तिकडे दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं.

म्हणून मी हवेचा पंप आणला. जारच्या तोंडावर बसवायचा आणि वरून दाबायचा; आत हवा शिरते आणि पाणी नळीतून चढून बाहेर पडतं. बाबांनी दाबून पेला भरला. "छान आहे," म्हणाले. मी स्वतःवरच खूश. त्यांची कंबर वाचली आणि माझ्या चकराही.

फोन थांबले. बऱ्याच दिवसांनी एकदा आला, तोही ऐन गर्दीत.

"पंप आहे रे, पण हवा तर—"

"हवा निघून राहिली असेल," मी मध्येच म्हटलं. "दुसरा पाठवतो."

ते म्हणाले, "बरं." 'निघून राहिली'वर मला टोकलंही नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

पुढे त्यांना लकव्याचा झटका आला. त्यांना माझ्याकडे आणलं आणि सामान घ्यायला मी खासगी बाजारात गेलो. दुसरा पंप खोक्यातच होता, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. जुना दाबून पाहिला, तर पहिल्याच दाबाला पाणी आलं. हवा तर तू होतास, असं म्हणायचं होतं त्यांना, आणि मी पंप पाठवला.

आता मी रोज त्यांच्या खाटेजवळ बसतो. वेळच वेळ आहे. मुद्दाम म्हणतो, "बाबा, चहा थंड होऊन राहिलाय." ते माझ्याकडे बघतात, ओठ हलवतात. नुसती हवा येते.