मैना म्हणजे कोण?

“अन् मैना म्हणजे आपली इंग्लिशवाली! पढवलं तेवढंच बोलते,” प्रतीक्षा म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या. इंग्लिशवाली म्हणजे मी, वर्गात इंग्रजी माध्यमातून आलेली एकटीच.

आज ऑफिसात कुणीतरी संत्रं सोललं आणि कारंजा गावातल्या कॉलेजचा तो व्हरांडा आठवला. परीक्षेला पक्ष्यांच्या राज्यावरची एक रूपकात्मक कादंबरी होती. मुली संत्री खात एकेका पक्ष्याला ओळखीचं माणूस चिकटवून ती पाठ करत होत्या. कावळा म्हणजे कँटीनवाले काका, घुबड म्हणजे प्राचार्य. मी खांबाआड उभी होते. रूपक, प्रतीक, उपरोध, सगळ्या व्याख्या मला येत होत्या. चिकटवायला माणसंच नव्हती.

तेव्हा तो टोमणा लागला. आता वाटतं, त्यांच्या गोष्टीत त्यांनी मलाही जागा दिली होती. त्या दिवशी शेवटी मी खांबाआडून पुढे झाले आणि म्हणाले, “मी पण बसू का तुमच्यात?”