गोऱ्या बाईंचा वर्ग आणि माझं नाव

सन दोन हजार. मला त्रेसष्ट वर्षं झाली होती. माझी शाळा दुसरीतच सुटलेली. गुरुजींनी छडी उगारली, मी ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि घरी निघून आलो. परत गेलो नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. जमीन आणि म्हशी सांभाळायला बाराखडी पुरते.

त्या उन्हाळ्यात घोडेगावजवळच्या आमच्या गावात एक विलायती जोडपं दोन महिने राहायला आलं. नवरा-बायको दोघंही तिकडं शाळेत शिकवून म्हातारी झालेली. गावच्या शाळेला सुट्टी लागली तसा त्यांनी तिथंच रोज चार वाजता गावासाठी इंग्रजीचा वर्ग काढला. ज्याला वाटेल त्यानं यावं.

पारावर एक जण मला म्हणाला, "राव, तुमी यष्टीची पाटी वाचंस्तवर यष्टी निघून जाती. तुमी नगा जाऊ."

झालं! त्याच दिवशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसलो. बाक पोरांचा, गुडघे हनुवटीला टेकले, पण उठलो नाही.

आणि खरं सांगतो, लई मजा आली. बाई उंच, उन्हानं नाक लालभडक. पिशवीतून कांदा काढायच्या, वांगं काढायच्या, आम्ही नाव ओरडायचं. साहेब कधी आजारी पडल्याचं सोंग घेत, कधी बस चुकलेला माणूस होत. एकदा त्यांनी स्वतः थापलेली भाकरी आणली. जुन्नर तालुक्याच्या नकाशासारखी दिसत होती. गोल आहे का, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि सगळा वर्ग "नो!" म्हणून ओरडला. सगळ्यांत आधी मी ओरडलो. बाई म्हणाल्या, "व्हेरी गुड!" उभ्या जन्मात मला शाळेत कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. घरी जाऊन म्हशीला "स्टँड अप" म्हणालो. ती उठली नाही, पण तिला कुठं वर्गात घेतलं होतं?

माझी सूनही वर्गात यायची. दहावी शिकलेली, पण लग्नानंतर सहा वर्षं तिच्या हातात वही नव्हती. माझी नात जूनमध्ये पहिलीत जाणार होती आणि त्या वर्षापासून पहिलीलाच इंग्रजी लागणार होतं. नातीचा अभ्यास आपणच घ्यायचा, असं सुनेनं मनाशी धरलं होतं. पण मी पहिल्या बाकावर, म्हणून ती शेवटच्या. डोक्यावर पदर, तोंडातून शब्द नाही. सासऱ्यासमोर सून मोठ्यानं बोलत नाही, ही आमच्याकडची रीत. मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

मग एके दिवशी बाईंनी घरच्या माणसांचा धडा घेतला. सुनेला उभं केलं, माझ्याकडं बोट दाखवलं आणि विचारलं, यांचं नाव काय?

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. सून सासऱ्याचं नाव घेत नाही. बायको नवऱ्याचं घेत नाही, तिथं सासऱ्याचं कुठलं? बाईंना वाटलं हिला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला, सावकाश, लहान मुलाला विचारावा तसा. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी मान हलवली, तिला खाली बसवलं आणि हातातलं सोपं पुस्तक दिलं, ज्यात नुसती चित्रं होती.

दुसऱ्या दिवशी सून वर्गाला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "मामा, भाकऱ्या ऱ्हायल्यात." चार वाजता कसल्या भाकऱ्या!

बायको माझ्यावर घसरली. "तुमी घरी बसा. पोरीला शिकू द्या. तुमाला या वयात कुठं लंडनला जायचंय?"

"मी का म्हणून बसू? मला व्हेरी गुड मिळतंय."

"आन् तिला? सगळं येत असून धोंडा ठरली ती तुमच्यापायी."

मी डोक्यावर टोपी चढवली. वर्गाला गेलो. पण त्या दिवशी साहेबांच्या सोंगाला हसू येईना. दहावी झालेली माझी सून चित्राच्या पुस्तकावर, आणि मी दुसरीवाला पहिल्या बाकावर. ज्या बाकासाठी मी छाती काढून बसलो होतो, तो तिच्या मुकेपणावर टेकला होता. वर्ग सोडायचा, तर पारावरचे हसणार. नाही सोडायचा, तर सून घरात. अर्ध्या धड्यातून उठलो, घरी गेलो आणि ओसरीवरूनच हाक मारली, "पोरी, चल. पाटलोण घालून साहेब आलेत, ते काय रोज येणार न्हाईत."

ती आली, चार पावलं मागं. बायकोही मागोमाग, गंमत बघायला. मी वर्गात उभा राहिलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "इच्चारा बाई, परवाचाच सवाल." बाईंना मराठी कळेना, म्हणून स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग सुनेला सांगितलं, "घे माझं नाव. मी सांगतोय. कोण काय म्हणतंय ते मी बघतो."

तिनं पदर नीट केला. आधी आवाज बसलेला, मग खणखणीत. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, आडनाव. पुढं न विचारता माझं वय, माझं काम, माझ्या म्हशी, सगळं सरळ इंग्रजीत. बाई टाळ्या वाजवत उड्याच मारायला लागल्या. त्यांना कारण काही कळलं नाही. सांगायला लागणारं इंग्रजी सुनेशिवाय कुणाला येत नव्हतं, आणि ती हसत होती.

मग काय, बाया पेटल्या. एकेक उठून नवऱ्याचं नाव घेऊ लागली. नवरे बाकाखाली तोंड लपवू लागले. बाईंनी दारातल्या माझ्या बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "मी न्हाई गं माय! मला मराठीतबी घ्यायचं न्हाई." खिडकीतून बघणारा पारावरचा तो गडी ओरडला, "राव, सुनेनं तुमची अब्रू ठेवली न्हाई!"

"माझं नाव अख्ख्या वर्गाला पाठ झालं," मी म्हणालो. "तुझं घरात तरी कोण घेतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढल्या, दूध डेअरीला घातलं आणि घरी येऊन चुलीपाशी पाट ओढला. सून गडबडून उठायला लागली. मी म्हणालो, "बस. काल अर्ध्यातनं उठलो, तो धडा घे माझा."