आचाऱ्यांचे आभार

सोमवार, सकाळचा तास. हजर: मुक्ता, इरफान आणि शिकवणारी मी. मुद्रण आणि ग्रंथरचनेच्या आमच्या अभ्यासक्रमाला यंदा एवढेच विद्यार्थी आहेत. पुढच्या वर्षी तो बंद होतोय.

विद्यापीठाच्या स्नेहसंमेलनाची स्मरणिका छापून आली होती. मुक्ता शेवटच्या पानावर थांबली आणि तिनं एका अक्षराखाली नख टेकवलं.

"मॅडम, आपण 'आचाऱ्यांचे आभार' लिहून दिलं होतं ना? यांनी 'आचार्यांचे' छापलंय!"

छापखान्याच्या नव्या फॉन्टमध्ये आडवा अर्धा र नव्हता. त्याचा रफार होऊन तो डोक्यावर जाऊन बसला होता.

"म्हणजे संमेलनाचं जेवण विद्यापीठातल्या सरांनी रांधलं," इरफान म्हणाला. "तरीच भात कच्चा होता!"

हसून झाल्यावर मुक्तानं विचारलं, "पण कुणी काही बोललं का?"

कुणीच नाही. प्रती सगळीकडे वाटूनही झाल्या होत्या.

पापणीएवढी ती रेघ. ती गेली की दऱ्यांचा दर्या होतो, आणि वाचणारा अडखळतसुद्धा नाही. अंदाजानं अर्थ लावून पुढे जातो. ज्यांना चूक खटकत नाही, त्यांना ती दुरुस्त करणारं माणूस कशाला हवं? मुक्ताला मात्र ती आता जन्मभर दिसत राहील. आम्ही तिला तेच शिकवलं.

"मला नोकरीसाठी शिफारसपत्र द्याल ना, मॅडम?" तिनं विचारलं.

"देते की."

दुपारी बसून मजकूर पुरा केला. कुणाच्या नावे पाठवायचं, ती वरची ओळ अजून भरायची आहे.