कुंदलम मामींचा पाचवा मजला

कुंदलम मामींनी कुणावर पटकन विश्वास ठेवलेला मी तरी पाहिला नाही. भाजीवाल्याने आपणहून मूठभर जास्त कढीपत्ता टाकला, तरी त्या पानं उलटून बघायच्या. चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या गल्लीत त्यांचं घर आणि माझं सासर भिंतीला भिंत लावून होतं. दोन्ही पाडून बिल्डरने तिथे ‘वैभव’ इमारत उभी केली. लिफ्टमध्ये आरसा, तळघरात गाड्या, दारात गणवेशातला वॉचमन. मामींच्या वाट्याला दोन फ्लॅट आले. पहिल्या मजल्यावर त्या राहायच्या, माझ्या समोरच्या दारात. पाचव्या मजल्यावरचा भाड्याने द्यायचा होता. यजमान कधीच गेलेले, मुलगा श्रीवत्सन सिंगापूरला.

पाचव्या मजल्यावरून कपालीश्वराच्या देवळाचं गोपूर आणि खालचा तलाव दिसतो. असा फ्लॅट बघायला माणसं यायची आणि मामी त्यांना परत पाठवायच्या. एक माणूस उगाच हसतो म्हणून, एक जोडपं आपसात कुजबुजतं म्हणून. शेवटी दलाल वैतागला. म्हणाला, “मामी, आता माणूस नको, कंपनीच आणतो. करार कंपनीशी. राहणार त्यांची एक मोठी अधिकारी. एकटी बाई, सकाळी जाते, संध्याकाळी येते.”

“एकटी का?” मामींनी विचारलं.

“ते मी कसं विचारणार?”

“मग तू दलाल कसला?”

तरी फ्लॅट दिला गेला, कारण श्रीवत्सनने फोनवर हात टेकले होते. बाईचं नाव मंगै. चाळिशीची, ताठ मानेची, बोलायला मोजकी. ती तळघरातून गाडीने जायची आणि तळघरातूनच लिफ्टने वर यायची. इमारतीच्या समोरच्या दाराने तिला कुणी येताना पाहिलं नाही. मामींना संशयाला तेवढं पुरलं.

पहिल्याच आठवड्यात दोन माणसं जाड स्पंजच्या लाद्या घेऊन वर गेली. मामी धावत माझ्याकडे आल्या. “अगं, भिंतींना स्पंज कोण लावतं?”

“आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावतात, मामी.”

“तेच म्हणते मी! कसला आवाज?”

मग दुधाच्या पिशव्या दोनाच्या चार झाल्या. मग मामी गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या आणि वाकून बघितलं, तर पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत रुंद काठाची पांढरीशुभ्र वेष्टी, लुंगीसारखं नेसायचं धोतर, वाळत होती. पुरुषाची. त्या दिवशी त्यांनी जेवणसुद्धा धड केलं नाही. नवरा लपवलाय, असं आधी ठरलं. मग म्हणाल्या, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला डांबून ठेवलंय, सही घ्यायला. कारण दुपारी त्या जिन्यात कान लावून उभ्या राहिल्या होत्या आणि आतून त्यांना कण्हल्यासारखा आवाज आला होता.

खरं सांगायचं तर मीही कान लावला. भिंतीच्या पोटात कुणीतरी लांब श्वास ओढून रडावं, असा तो आवाज होता. मलाही भीती वाटली.

मामींनी मंगैला लिफ्टपाशी गाठलं. “पाहुणे आलेत वाटतं?”

“नाही, मामी.”

“वेष्टी दिसली वाळताना.”

“तुम्ही गच्चीवरून बघता का?” असं विचारून ती लिफ्टमध्ये शिरली. दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीत कपडे दिसेनासे झाले.

आता मामींना राहवेना. सोसायटीचे सेक्रेटरी रामदुरै, म्हणजे निवृत्त इंजिनिअर आणि नियमांचे भारी भोक्ते, त्यांना आणि मला घेऊन एका सकाळी त्या वर गेल्या. मंगै ऑफिसला गेली होती. मामींजवळ जादा किल्ली होती. मी म्हटलं, “मामी, हे बरं नाही.”

“घर माझं आहे,” म्हणून त्यांनी कुलूप उघडलं.

आतल्या खोलीत स्पंज लावलेल्या भिंतीशी चटईवर एक म्हातारा बसला होता. कपाळावर विभूती, गळ्यात रुद्राक्ष, अंगावर तीच वेष्टी. मांडीवर नादस्वर, आपल्या सनईच्या दुप्पट लांबीचं. आम्हाला बघून तो धडपडत उठला आणि वाद्य पाठीमागे लपवलं.

“अम्मा, हळू वाजवतो. नको असेल तर बंद करतो. पोरीला काही बोलू नका.”

मामी उंबऱ्यातच थांबल्या. त्यांचा आवाज मात्र खाली आला नाही. “कोण तुम्ही? लपून का राहता?”

“मी तिचा बाप. तिरुवेंगडम पिळ्ळै. देवळात वाजवायचो.”

या गल्लीत पिळ्ळै म्हटलं की सगळ्यांना कळायचं, तेच हे. पंगुनी महिन्यातल्या उत्सवात पालखीपुढे वर्षानुवर्षं त्यांचंच नादस्वर असायचं. मी त्यांना लांबून कितीदा पाहिलं होतं, पण पालखीशिवाय ओळखलं नाही.

म्हाताऱ्याने फोन केला असावा. थोड्याच वेळात मंगै घरी पोचली. दारातच तिने विचारलं, “किल्ली लावून आत आलात? माझ्या घरात?”

“तू खोटं बोललीस,” मामी म्हणाल्या.

“बोलले. या चार गल्ल्यांत सात घरं बघितली. सगळ्यांनी हसून आत घेतलं. अप्पा काय करायचे, तुम्ही कुणापैकी, घरात मासे शिजतात का, एवढं विचारून झालं की घर आधीच दुसऱ्याला गेलेलं असायचं. कंपनीला हे कुणी विचारत नाही.”

रामदुरैंनी घसा साफ केला. “इमारतीत वाद्य वाजवायला मनाई आहे. नोटीस द्यावी लागेल.”

“थांबा हो,” मामी म्हणाल्या. “डिसेंबरात मैफिलींचे दिवस आले की तुमची सून सकाळ-संध्याकाळ वीणा घेऊन बसते, तेव्हा नोटीस कुठे असते?”

रामदुरै खाली निघून गेले. मंगैने हात पुढे केला. मामींनी जरा घुटमळून किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने कुलूपही बदललं. मामींना ते फार लागलं, पण बोलल्या फक्त माझ्याजवळ.

त्यानंतर पिळ्ळै समोरच्या दाराने येऊ-जाऊ लागले. खाली बाकावर बसायचे. मामी अधूनमधून त्यांच्या शेजारी, दोन हात अंतर ठेवून. एकदा मी तिथेच होते. मामींनी विचारलं, “खरं सांगा. आमच्याच जागेत का आलात? मनात काही आहे का?”

“आहे ना, अम्मा. तुमच्या लग्नात मी इथेच, जुन्या घराच्या ओट्यावर बसून वाजवलं होतं. विशीतला होतो. तेव्हा वाटलं होतं, आतून हे घर कसं असेल?”

मामी गडबडल्या. “आम्ही कॉफी तरी दिली होती ना?”

“दिली होती. आतली पंगत उठल्यावर. गार झालेली.”

मामी पदराने हात पुसत राहिल्या, हात कोरडेच होते. मग उठून घरात गेल्या.

करार संपत आला तेव्हा मंगैच्या कंपनीने घरभाडं देणं बंद केलं. श्रीवत्सन म्हणाला, आता परदेशी भाडेकरू बघ, ते जास्त भाडं देतात. मामींनी दलालाला बोलावून सांगितलं, “नवा करार तिरुवेंगडम पिळ्ळैंच्या नावाने कर.”

सह्या करायला बाप-लेक पहिल्यांदा मामींच्या दिवाणखान्यात आले. मंगैने कागद दोनदा वाचले. घरमालकाकडे जादा किल्ली राहणार नाही, अशी एक ओळ वाढवायला लावली, तेव्हाच बापाच्या हातात पेन दिलं. दलाल चुळबुळत होता. मामी मात्र तिच्याकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली पसंती होती.