भिंतीवरचे चार नियम

चौथीच्या बाईंचा घसा बसला होता. त्यात नवल काही नव्हतं. सव्वीस वर्षं पोरांवर ओरडून घशाची पार चाळण झालेली. पण यंदा डॉक्टरांनी आत डोकावून बजावलं, "गाठ धरतेय. महिनाभर आवाज चढवायचा नाही. नाहीतर शिकवणं विसरा."

निवृत्तीला चार वर्षं होती. घरी येऊन बाई नवऱ्याला कुजबुजल्या, "मुकी बाई कोण ठेवतं हो शाळेत?"

नवरा पाट्या रंगवायचा. भिंतीचं पाप त्याचंच. वर्षाच्या सुरुवातीला बाईंनी पोरांकडून वर्गाचे मूळ नियम ठरवून घेतले होते. राज्यघटना म्हणजे काय, हे पुस्तकातली व्याख्या घोकून कुणाच्या डोक्यात शिरत नाही, एवढं त्यांना कळून चुकलं होतं. मारामारी नाही. बोलायची पाळी कुणाचीही काढून घ्यायची नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही. आणि हे सगळं बाईंनाही लागू. रोजचे बारीकसारीक नियम वर्गानं हात वर करून करायचे आणि फळ्यावर लिहायचे. ते मॉनिटरनं पाळून घ्यायचे. भांडण झालं, तर चिठ्ठीनं निघालेल्या तिघांनी निवाडा द्यायचा.

"पुठ्ठ्यावर लिहून द्या," असं बाईंनी नवऱ्याला सांगितलं होतं. गृहस्थानं सुट्टीच्या दिवशी येऊन ऑइलपेंटनं थेट भिंतीवर चितारलं.

"पुठ्ठा टिकतो का? आता शंभर वर्षं बघायला नको!"

"अहो, शंभर वर्षं मी जगणार आहे का?"

तर त्या वर्गात एक टकळी होती. बेचाळीस पोरांत एकटी, पण चाळिसांचं बोलायची. फुलपाखराचं चित्र दाखवा, ही विचारणार, ते झोपतं कुठे. सोमवारी तिनं सलग नऊ प्रश्न विचारले. नवव्याला बाईंना खोकल्याची अशी उबळ आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मॉनिटर तावातावानं उठला, "टकळीनं आठवडाभर तोंड उघडायचं नाही. हात वर करा!"

एकेचाळीस हात वर गेले. नियम फळ्यावर चढला.

बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग फळ्याकडे. आणि गप्प बसल्या. दोन दिवस असे गेले, की वर्गात घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. रात्री गिळताना दुखलं नाही.

बुधवारी टेबलावर चिठ्ठी आली. 'मला निवाडा पाहिजे.' खाली टकळीची सही, लांबलचक शेपटीसकट.

"मी आता काय करू हिचं?" बाई पुटपुटल्या. पण चिठ्ठ्या काढल्याच. तिघं निघाले. त्यांचा म्होरक्या पेंगुळ्या, जो तिसऱ्या तासाला हटकून डुलक्या घ्यायचा. तो मात्र टक्क जागा होता.

"बाई, उभ्या राहा. साक्ष आहे."

"अरे, मी साक्ष?"

"चौथा नियम, बाई. तुम्हालाही लागू." मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाई दात-ओठ खात उभ्या राहिल्या.

"हिची पाळी काढली तेव्हा तुम्ही बघितलं होतं ना? मग का नाही अडवलं?"

"माझा घसा दुखतो, मेल्या!"

तिघांनी डोकी जोडली. मॉनिटर ओरडला, "एकेचाळीस हात होते! तुझा पण होता!"

"होता ना. तेव्हा भिंतीकडे बघायला सुचलं नाही," पेंगुळ्या म्हणाला. "एकेचाळीस असोत, नाहीतर चारशे. फळ्यावरच्यानं भिंतीवरचं पुसता येत नाही. बाईंच्या घशासाठी दुसरा नियम करा. हिचं तोंड का बंद? बाई, पुसा."

कशाला हे धडे शिकवले, असं मनात म्हणत बाईंनी डस्टर उचललं. पुसताना खडूची धूळ नाकातोंडात गेली ती वेगळीच.

टकळी उभी राहिली. दोन दिवसांचं साठलेलं आता बदाबदा कोसळणार, म्हणून बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"बाई, तुम्ही शाळा सोडणार का? पेंटरकाका आमच्या दुकानाची पाटी रंगवताना बाबांना सांगत होते, तुमच्या घशात गाठ आहे म्हणून."

त्या माणसाच्या पोटात कधी काही राहिलंय? बाईंनी मनातल्या मनात नवऱ्याचा उद्धार केला. खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

"आवाज चढवला, तर सोडावी लागेल," त्या कुजबुजल्या.

"बाई, ऐकू येत नाही!" मागच्या बाकावरून आवाज आला.

"मग पुढे ये ना, गाढवा!"

बोलावलं एकाला, आले बेचाळीस. टेबलाभोवती अशी दाटी झाली, की बाईंना कोपर हलवायला जागा उरेना. कुणाची वेणी त्यांच्या चष्म्यात अडकली, कुणी त्यांच्याच पायावर उभं राहिलं. बाई पुन्हा तेच कुजबुजल्या. या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

"गाठ म्हणजे केवढी, बाई? वाटाण्याएवढी?" टकळी त्यांच्या कानाशी लागली. "आणि ती झोपताना पण दुखते?"

"एकेक विचार गं बाई," बाई कुजबुजल्या, "एकेक!"