झांज सांडते, वसंता!

रेकॉर्डिंगच्या आधी अण्णा सगळ्यांचे हात मोकळे करून घेत. गाणाऱ्या बाईंच्या बांगड्या, सारंगीवाल्याची अंगठी, माझं घड्याळ, सगळं एका पितळी डब्यात जमा. एकदा मी मुद्दाम घड्याळ खिशात ठेवून बसलो, तर काचेपलीकडून हा हेडफोनवाला गृहस्थ ओरडला, "वसंता, तुझा खिसा टिकटिक करतोय की!" असला कान!

अण्णा मूळचे निपाणीकडचे. मराठी आमच्यासारखंच, पण मध्येमध्ये 'थोडं'ऐवजी कानडी 'स्वल्प' आणि 'बरं'ऐवजी 'सरी' पेरलेलं. साठच्या दशकात बंगलोरला बसवनगुडीतल्या एका छोट्या स्टुडिओत ते रेकॉर्डिस्ट होते. मी आठवडाभर कारखान्यात नकाशे काढायचो आणि रविवारी तिथे ड्रम बडवायचो.

त्यांचं वैर होतं ते माझ्या ड्रमवरच्या झांजांशी. तेव्हा सगळे एकाच खोलीत बसून एकाच टेपवर गात-वाजवत. नंतर त्यातून काही वेगळं काढता येत नसे. ढोल आपल्या जागी राहतो, झांज मात्र खोलीभर पसरते आणि थेट गाणाऱ्याच्या माईकमध्ये शिरते. "झांज सांडते, वसंता!" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! मग ते उठत. माझ्या आणि बाईंच्या मध्ये दोरीवर जाड घोंगडं टाकत. बाईंच्या माईकची पाठ माझ्याकडे फिरवत, कारण पाठीकडून त्याला कमी ऐकू येतं. झांजेच्या पोटाला चिंधी चिकटवत आणि वर मला सुनावत, "स्वल्प हळू मार. शत्रूचं टाळकं नव्हे ते." मला भयंकर राग यायचा. पण टेप ऐकली की पटायचं.

एका रविवारी दुपारी रेकॉर्ड कंपनीचे साहेब येणार होते. त्यांना पसंत पडलं तर कंपनीचं काम आमच्याकडे, नाहीतर ते मद्रासला जाणार आणि अण्णांची खुर्चीही जाणार. मालकांनी तसं सगळ्यांदेखत बजावलं होतं. अण्णांनी डबा फिरवला. मी धांदलीत घड्याळ काढायला विसरलो, ते बाहीखालीच राहिलं. एक सराव झाला तरी अण्णा काही बोलले नाहीत. मनगटाकडे लक्ष गेलं तेव्हा मी चपापलो: ही टिकटिक त्यांनी ऐकली कशी नाही?

अण्णा बाहेर आले. "बाईंचा आवाज दबका येतोय," म्हणाले आणि चक्क घोंगडं काढलं.

"अहो अण्णा, पण..."

"सरी, सरी. ऐकणारा मी आहे न्हवं?"

पुन्हा सराव झाला, त्याची टेप लावली. अरे देवा! झांज नुसती सळसळत होती आणि बाईंचे शब्द त्यात बुडाले होते. बाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. अण्णा मान डोलावत होते. "आता कसं स्वच्छ!"

तेव्हा उलगडा झाला. बारीक आवाज ऐकणारा त्यांचा कान गेला होता. घोंगड्याचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता; अण्णांनाच सगळं दबकं ऐकू येत होतं. त्यांना बाजूला घेऊन सांगावं, तोवर साहेब आत आले आणि काचेपलीकडे त्यांच्या शेजारीच बसले. आता इथे कुजबुजलो तरी तिथे ऐकू जाणार.

लाल दिवा लागला. मला दरदरून घाम फुटला होता. बाह्या वर सारल्या आणि ठरवलं, झांजेला हात लावायचा नाही. प्रत्येक वेळी काठी उगारली आणि झांजेच्या वर बोटभर अंतरावर थांबवली. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, मी वाजवतोय. गाणं संपेपर्यंत दंड भरून आले.

साहेब खूश झाले, आमच्या खोलीतल्या स्पीकरवर त्यांचा आवाज आला. "उत्तम! आमचं काम इथेच होईल."

अण्णांचा चेहरा उजळला. "बघितलंत? घोंगडं नसताना झांज सांडली नाही!"

"झांज?" साहेब म्हणाले. "गाण्यात झांज कुठे होती?"

अण्णा काचेतून माझ्याकडे बघत राहिले. मी मान खाली घातली. वाचवायला गेलो आणि मीच त्यांना उघडं पाडलं!

"नव्हतीच," अण्णा सावकाश म्हणाले. "आम्हीच काढली, साहेब."

साहेब गेल्यावर ते माझ्यापाशी आले. माझ्या हातातली काठी घेतली, झांजेवर एक टोला दिला आणि कान जवळ नेला.

"टोला ऐकला. पुढचं तू सांग. वाजते?"

"वाजते, अण्णा."

"आता?"

"आहे. बारीक." मी शेवटपर्यंत ऐकत राहिलो. "थांबली."

"एवढा वेळ?" ते झांजेच्या काठाकडे बघत होते. "मला वाटलं होतं, तू शहाणा झालास. हळू मारायला लागलास."

त्यांनी घोंगडं उचलून पुन्हा दोरीवर टाकलं, चारही टोकं नीट ओढली. मग हेडफोन आणून माझ्या हातात दिला.

"पुढल्या रविवारी दुसरा ड्रमवाला बघ. तू काचेपलीकडे बसायचं." आणि त्यांनी पितळी डबा माझ्यापुढे धरला. "ते घड्याळ काढ आधी. दिसतंय की मला."